पैशांची बेगमी: हातावर पोट असलेल्या घराचा हिशेब

कोकणात आणि गोव्यात पावसाळा तोंडावर आला की घरोघरी बेगमीची गडबड सुरू होते. तांदूळ, डाळी, मिरची, कोकम आणि सुकी मासळी भरून ठेवली जाते, कारण पुढचे काही महिने समुद्र खवळलेला असणार, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असणार आणि बाजारात जाणेही जिकिरीचे होणार, हे प्रत्येकाला ठाऊक असते. गोव्यात या साठवणीला पुरुमेंत म्हणतात. बेगमी करणारे घर वर्षभरात कमी खात नाही. जे खायचे ते केव्हा मिळेल आणि केव्हा लागेल, याचा मेळ ते आधीच घालून ठेवते. अत्यल्प उत्पन्नात घर चालवण्याचा प्रश्न पुष्कळ अंशी असाच, केव्हाचा असतो. त्यावर लिहिताना मात्र सगळा भर किती यावरच दिला जातो.

उत्पन्नाचा ५० टक्के भाग गरजांवर, ३० टक्के हौसेवर आणि २० टक्के बचतीत, असा एक नियम सध्या सर्वत्र सांगितला जातो. ज्याचा पगार दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला बँकेत जमा होतो, त्याच्यासाठी तो ठीक आहे. परंतु केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीनुसार देशाच्या शहरी भागातील सर्वांत खालच्या ५ टक्के लोकांचा दरडोई मासिक खर्च सरासरी २,००१ रुपये आणि ग्रामीण भागात १,३७३ रुपये होता. या पातळीवर हौसेचे ३० टक्के कोठून काढायचे, हा प्रश्न विचारण्यातही अर्थ नाही. शिवाय या घरांमध्ये पैसा महिन्याने येत नाही. तो रोजाने, आठवड्याने, हंगामाने येतो आणि कधी कधी येतच नाही. भाडे, हप्ता आणि शाळेची फी मात्र तारीख धरून येतात. या दोन वेळापत्रकांत जे अंतर पडते, ते उसनवारीने भरावे लागते आणि त्या उसनवारीचे व्याज हा अशा घराचा सर्वांत मोठा न दिसणारा खर्च असतो. हे नुसते सांगून पटत नाही, म्हणून आकडे मांडून पाहू.

हिशेबासाठी पुण्यातील एका वस्तीत भाड्याच्या खोलीत राहणारे पाच जणांचे एक कुटुंब कल्पू. नवरा मजूर अड्ड्यावर उभा राहून बांधकामावर बिगारीचे काम करतो आणि त्याला ६०० रुपये रोज मिळतो. बायको तीन घरी धुणे-भांडी करते आणि तिन्ही घरांचे मिळून तिला महिन्याला ७,००० रुपये मिळतात, पण एक घर १ तारखेला देते, दुसरे ५ तारखेला आणि तिसरे १० तारखेच्या आसपास. दोन मुले शाळेत जातात आणि सासूला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. एरवीच्या महिन्यात नवऱ्याचे १६ दिवस भरतात, म्हणजे त्याचे ९,६०० आणि तिचे ७,००० मिळून १६,६०० रुपये होतात. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत स्लॅबची आणि खोदाईची कामे थांबतात, अड्ड्यावर गर्दी राहते आणि काम मिळत नाही; तेव्हा ८ दिवस भरले तरी पुष्कळ, म्हणून त्या महिन्यांत घरात ११,८०० रुपयेच येतात. वर्षाचे एकूण उत्पन्न १,८०,००० रुपये, म्हणजे सरासरी महिना १५,००० रुपये.

आता खर्च पाहू. खोलीचे भाडे ४,०००, वीज ५००, गॅस सरासरीने ६००, धान्य आणि किराणा ५,०००, दूध, भाजी आणि अंडी २,०००, दोघांचा बसचा खर्च ८००, मुलांचे वह्या-पेन-खाऊ ५००, दोन मोबाइलचे रिचार्ज ४५०, सासूच्या गोळ्या ३००. एकूण १४,१५० रुपये. यात कपडे नाहीत, सण नाही, पाहुणा नाही, आजारपण नाही. जवळजवळ निम्मा खर्च खाण्यावर होतो आणि त्यात आश्चर्य काही नाही. उत्पन्न जितके कमी तितका त्यातला अन्नाचा वाटा मोठा, हे जर्मन सांख्यिकीतज्ज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्येच दाखवून दिले होते.

एरवीच्या महिन्यात या घरात २,४५० रुपये उरतात आणि पावसाळ्याच्या महिन्यात २,३५० रुपये कमी पडतात. आठ महिन्यांची शिल्लक १९,६०० रुपये आणि चार महिन्यांची तूट ९,४०० रुपये. त्यात जूनमधला गणवेश, दप्तर, वह्या-पुस्तके आणि फी यांचे ४,००० आणि दिवाळीचे ३,००० धरले, तरी वर्षाच्या शेवटी ३,२०० रुपये हातात उरायला हवेत. थोडक्यात, कागदावर हे घर तोट्यात नाही.

प्रत्यक्षात काय घडते? ऑक्टोबर ते मे या काळात उरणारे दोन-अडीच हजार रुपये एकरकमी दिसतच नाहीत. ते रोज शंभर-दीडशे रुपयांनी उरतात आणि तसेच जातात, बहुतेकदा रास्त कारणांसाठीच: कोणाच्या लग्नाचा आहेर, भावाला दिलेले उसने, एखाद्या रविवारचे मटण. मग जून उजाडतो. शाळेचे ४,००० आणि त्या महिन्याची तूट २,३५० मिळून ६,३५० रुपये एकदम लागतात आणि जवळ काहीच नसते. वस्तीत विनातारण पैसे देणारा माणूस शेकडा दहाने, म्हणजे महिन्याला १० टक्के व्याजाने देतो असे धरू. जूनअखेर डोक्यावर ६,३५० रुपये. जुलैत त्यावर व्याज चढते आणि नव्या तुटीसाठी पुन्हा पैसे घ्यावे लागतात, म्हणून ते ९,३३५ होतात. ऑगस्टअखेर सुमारे १२,६०० आणि सप्टेंबरअखेर सुमारे १६,२३०. हातात मिळालेली रक्कम फक्त १३,४०० होती, हे येथे लक्षात ठेवावे.

ऑक्टोबरपासून घरात पुन्हा २,४५० रुपये उरू लागतात, पण त्यातले १,६२३ रुपये त्या महिन्याच्या व्याजातच जातात आणि मुद्दल केवळ ८२७ रुपयांनी कमी होते. दिवाळी अजिबात न करता, एकही महिना न चुकवता पुढचे आठही महिने सगळी शिल्लक सावकाराला दिली, तरी मेअखेर सुमारे ६,८०० रुपये देणे राहते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जून सुरू होतो. एका वर्षात गेलेले आणि चढलेले व्याज जवळपास १३,००० रुपये होते, म्हणजे तीन महिन्यांच्या भाड्याहून अधिक. उत्पन्न तेच, खर्च तोच, उधळपट्टी कोठेही नाही. फरक एवढाच की एका घरात पैसे मेमध्ये हाताशी होते आणि दुसऱ्या घरात ते ऑक्टोबरनंतर आले.

या हिशेबापुढे 'बाहेरचा चहा सोडा' हा उपदेश ठेवून पाहावा. दिवसाला दोन चहा दहा रुपयांप्रमाणे धरले तर १६ दिवसांचे ३२० रुपये होतात. उन्हात सिमेंटची पोती वाहणाऱ्या माणसाच्या चहावर नजर ठेवण्याआधी ऑक्टोबरमधल्या १,६२३ रुपयांच्या व्याजाकडे पाहिले पाहिजे, असे माझे मत आहे.

म्हणून पहिले काम खर्च कापण्याचे नसून तारखा लिहून काढण्याचे आहे. त्यासाठी वेगळी वही घेतली तर उत्तम, पण भिंतीवरचे कालनिर्णय पुरेसे आहे. दूध किती आले आणि कोणत्या दिवशी खाडा झाला, हे त्यावर लिहिण्याची सवय आपल्याकडे आहेच. त्याच चौकोनात कामाचा दिवस भरला की एक खूण करावी, पैसे आले की रक्कम लिहावी आणि देणे असेल त्या तारखेला दुसऱ्या रंगाने रक्कम लिहावी. दोन महिने असे केले की एक गोष्ट स्वच्छ दिसते: महिन्यातले अमुक आठ-दहा दिवस असे असतात की देणी आधी आणि येणी नंतर. आपल्या कल्पित घरात भाडे १ तारखेला असेल तर त्या दिवशी तिच्या एकाच घरचा पगार आलेला असतो. अशा वेळी घरमालकाशी बोलून भाड्याची तारीख १० करून घेणे हे वर्षाकाठी शेकडो रुपये वाचवणारे काम आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही. कर्जाच्या हप्त्याचेही तसेच. खात्यात पैसे नसताना बँकेने हप्ता वळता करण्याचा प्रयत्न केला की दंड पडतो, तो हप्त्याच्या मानाने बराच असतो आणि त्यावर पुन्हा कर लागतो. कर्ज घेतानाच हप्त्याची तारीख १० च्या पुढची मागावी.

मोबाइलच्या रिचार्जमध्येही तारखेची अशीच एक गंमत आहे. २८ दिवसांचे रिचार्ज महिन्याचे समजून केले जाते, पण वर्षात असे तेरा 'महिने' होतात. ३० दिवसांचे किंवा दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारे निदान एकेक रिचार्ज प्रत्येक कंपनीने ठेवले पाहिजे, असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२२ मध्ये सांगितले आहे. दुकानदार ते आपणहून दाखवत नाही, विचारावे लागते.

दुसरे काम म्हणजे बेगमी. आपल्या घराला मेअखेर १३,४०० रुपये हवे आहेत. महिन्याला अडीच हजार बाजूला टाका, असे सांगून ते जमत नाही, कारण या घरात महिना हे पैशाचे माप नाही. दिवस हे माप आहे. म्हणून नियमही दिवसाचा हवा. ऑक्टोबर ते मे या काळात ज्या दिवशी काम मिळेल, त्या दिवशी ६०० पैकी १५० रुपये घरी पोचण्याआधी वेगळे करायचे आणि काम मिळाले नाही त्या दिवशी काहीच टाकायचे नाही. महिन्याला १६ दिवसांप्रमाणे आठ महिन्यांत कामाचे १२८ दिवस आणि १९,२०० रुपये होतात. त्यातून दिवाळीचे ३,००० गेले, पावसाळ्याचे आणि शाळेचे १३,४०० गेले, तरी २,८०० रुपये अडीअडचणीला राहतात. जून ते सप्टेंबर हा साठा मोडण्याचा काळ आहे आणि तो मोडताना मनाला लावून घेण्याचे कारण नाही. माळ्यावरची मिरची पावसाळ्यात संपवायची म्हणूनच ठेवलेली असते.

हे १५० रुपये ठेवायचे कोठे, हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. डब्यात ठेवलेला पैसा सर्वांना दिसतो आणि दिसणाऱ्या पैशाला नाही म्हणता येत नाही. नात्यातले कोणी अडचण घेऊन आले आणि डब्यात दोन हजार असले, तर ते द्यावेच लागतात. आणि ते देणे चुकीचेही नाही, कारण उद्या आपल्यालाही तेथेच जावे लागणार असते. पैसे भिशीत किंवा गटात आहेत असे खरेपणाने सांगता येणे, ही त्यातल्या त्यात सभ्य सुटका आहे.

भिशी या कामाला फार चांगली बसते, पण तिचा नंबर महत्त्वाचा. बारा बायकांची ५०० रुपयांची भिशी असेल तर ज्या महिन्यात आपला नंबर लागतो त्या महिन्यात ६,००० रुपये एकरकमी मिळतात. चिठ्ठी टाकून नंबर ठरवणाऱ्या भिशीत ते नशिबावर असते, परंतु ओळखीच्या बायकांच्या भिशीत 'मला मेचा नंबर द्या' असे सुरुवातीलाच सांगून ठेवता येते. मेचे ६,००० म्हणजे आपल्या घराच्या जूनमधील ६,३५० ची जवळजवळ पूर्ण सोय. मात्र भिशीचे ५०० रुपये पावसाळ्यातही भरावे लागतात, हे धरून चालावे आणि लिलावाच्या भिशीपासून गरजू घराने लांब राहावे, कारण तेथे ज्याला घाई असते तो रक्कम सोडून पैसे उचलतो आणि घाई नेहमी त्याच घराला असते.

पिग्मीची पद्धत १९२८ मध्ये उडुपीच्या एका बँकेने सुरू केली आणि ती पुढे महाराष्ट्रातील पतसंस्थांनी उचलून धरली. एजंट रोज दारात येतो, ५० किंवा १०० रुपये नेतो आणि पावती देतो. रोजच्या कमाईशी जुळणारी ही एकमेव बँकिंगची सोय म्हणता येईल. तिच्यातली मेख अशी की मुदतीआधी पैसे काढले तर व्याज जाते आणि वर थोडी रक्कमही कापली जाऊ शकते, म्हणून खाते उघडताना मुदत मेमध्ये संपेल असे पाहावे. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: बँकेतील ठेवीला, सहकारी बँकेतीलही, ठेव विमा महामंडळाचे ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण असते, पतसंस्थेतील ठेवीला ते नसते. एका पावसाळ्यापुरती रक्कम तेथे ठेवणे समजू शकते. मुलीच्या लग्नाची पुंजी ठेवू नये.

बचत गटाचे महत्त्व त्यातल्या बचतीपेक्षा कर्जात आहे. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून आहे आणि नाबार्डने गट बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम १९९२ मध्ये सुरू केला. गटाचे अंतर्गत कर्ज शेकडा दोनने, म्हणजे महिन्याला २ टक्क्यांनी मिळते असे धरले आणि आपल्या घराने जूनमध्ये सावकाराऐवजी गटातून पैसे घेतले, तर सप्टेंबरअखेरचे देणे १६,२३० ऐवजी सुमारे १४,००० रुपये होते आणि पुढच्या एप्रिलमध्ये सगळे फिटते. एकच घर, एकच तूट. दर तेवढा बदलला.

कर्जाचा दर ओळखता येणे ही या सगळ्यातील सर्वांत उपयोगी विद्या आहे, कारण दर सहसा दर म्हणून सांगितला जात नाही. बाजारपेठेत भाजीवाल्यांना मिळणारे एक कर्ज असे असते: १०,००० रुपये मंजूर, त्यातले १,००० आधीच कापून ९,००० हातात, आणि मग रोज १०० रुपयांप्रमाणे शंभर दिवस फेड. ऐकणाऱ्याला वाटते, हजारच रुपये तर गेले, म्हणजे दहा टक्के. परंतु ९,००० रुपये शंभर दिवस आपल्याजवळ राहत नाहीत. पन्नासाव्या दिवसापर्यंत जवळपास निम्मे परत गेलेले असतात. सरासरीने साडेचार-पाच हजार रुपयेच आपण वापरले आणि तेही तीन-सव्वातीन महिने, त्यासाठी १,००० मोजले. वर्षाच्या भाषेत हा दर ७५ टक्क्यांच्या पुढे जातो. 'सरळ व्याज' म्हणून सांगितल्या जाणाऱ्या हप्त्याच्या कर्जातही हीच चलाखी असते: मुद्दल फिटत जाते, पण व्याज सुरुवातीच्या पूर्ण रकमेवरच आकारले जाते. म्हणून विचारायचा प्रश्न एकच: व्याज उरलेल्या रकमेवर आहे की पहिल्या रकमेवर?

वित्तसंस्थांकडून गट करून दिल्या जाणाऱ्या मायक्रोफायनान्स, म्हणजे छोट्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम केले. वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला हे कर्ज विनातारण मिळते, घरातील सर्व कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत, मुदतीआधी फेडले तर दंड घेता येत नाही आणि वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही. यातील निम्म्याची मर्यादा वाचताना सावध राहिले पाहिजे. आपल्या घराचे सरासरी उत्पन्न १५,००० आहे, म्हणजे नियमाने ७,५०० रुपयांपर्यंत हप्ता चालेल. प्रत्यक्षात सरासरीने त्यांच्याकडे महिन्याला ८५० रुपये मोकळे आहेत. संस्था कर्ज देते आहे यावरून आपल्याला ते झेपते असे समजणारी घरे एका कर्जाचा हप्ता भरायला दुसरे कर्ज काढताना दिसतात. परवाना नसलेल्या सावकारीला २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने बंदी आहे आणि परवानाधारक सावकारालाही मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. हेच जुने दामदुप्पटीचे तत्त्व.

आधीच कर्ज असेल तर बेगमी सुरू कशी करायची? मिळेल ती एकरकमी रक्कम सर्वांत चढ्या दराच्या कर्जावर टाकावी, सर्वांत मोठ्या कर्जावर नव्हे. धुण्या-भांड्याचे काम करणाऱ्या बाईला दिवाळीला एखाद्या घरून महिन्याभराचा पगार पोस्त म्हणून मिळतो. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातील बाईला मिळतात. ही रक्कम वर्षाला १८,००० होते, म्हणजे आपल्या घराच्या चार महिन्यांच्या तुटीपेक्षा आणि शाळेच्या खर्चापेक्षाही जास्त. पण तिची तारीख आपल्या हातात नाही, ती मागेपुढे होते. म्हणून ती भाड्याला किंवा हप्त्याला जोडू नये. ज्या पैशाला तारीख नाही, तो तारीख असलेल्या खर्चावर धरला की पुन्हा उसनवारी आलीच. आधी कर्ज आणि मग बेगमी, अशा दोनच ठिकाणी तो जावा. कामाच्या घरून घेतलेली उचल बिनव्याजी असते आणि अडचणीला ती सावकारापेक्षा कितीतरी बरी, फक्त पुढच्या महिन्याचा पगार तेवढा कमी येणार हे कालनिर्णयावर त्याच दिवशी लिहून ठेवावे.

आता खर्चाच्या बाजूकडे वळू. तिच्यावर थोडक्यात लिहिणे पुरेसे आहे, कारण जे घर आधीच काटकसरीने चालते, त्याला काटकसर शिकवायची गरज नसते. विजेत मात्र एक खाचखळगा आहे. महावितरणचा पहिल्या १०० युनिटांचा दर आणि १०१ ते ३०० युनिटांचा दर यांत जवळपास दुपटीचा फरक असतो. चार खोल्यांना मिळून एकच मीटर असला की सर्वांचा एकत्र वापर वरच्या टप्प्यात जातो आणि ६० युनिट वापरणाऱ्या घरालाही चढा दर पडतो. स्वतंत्र मीटर मिळत असेल तर त्यासाठी धडपड करण्यासारखी आहे. ६० वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला ९ युनिट जातात, ९ वॅटच्या एलईडीला दीड युनिटही लागत नाही.

किराणा रोजच्या रोज पाव किलोने आणला की महाग पडतो, हे खरे आहे. पगाराच्या आठवड्यात तेल, डाळ, तांदूळ आणि साखर महिन्याचे भरून घेतले की महिन्याच्या शेवटी निदान पातेले चढते. मोठे पाकीट नेहमीच स्वस्त असते असे मात्र नाही. शांपूच्या लहान पुड्या पुष्कळदा बाटलीपेक्षा स्वस्त पडतात. बहुतेक पाकिटांवर आता ग्रॅममागे किंवा मिलिलिटरमागे किंमत छापलेली असते, तिच्यावरून ताडून पाहावे. वहीवरची उधारी बिनव्याजी वाटते, पण उधारीच्या गिऱ्हाइकाला भाव विचारता येत नाही आणि दुकानही बदलता येत नाही. ताटातून डाळ, अंडी, मटकी किंवा शेंगदाणे काढून पैसे वाचवू नयेत. अशक्तपणाने एक दिवस काम बुडाले की ६०० रुपये गेले, आणि तेवढ्यात अंड्यांचे कितीतरी दिवस निघतात. रक्तदाबाच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. तेथे रांगेत जाणारा अर्धा दिवस सासूचा जावा, मजुरी करणाऱ्याचा नको.

रेशनचे धान्य वरच्या हिशेबात मी मुद्दाम धरलेले नाही. अन्न सुरक्षा कायद्याच्या प्राधान्य यादीत नाव असेल तर माणशी ५ किलो धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत मिळते, म्हणजे आपल्या घराला २५ किलो. बाजारभावाने ते आठ-नऊशे रुपयांचे होते आणि सरासरी मोकळ्या रकमेएवढेच भरते. पण महाराष्ट्रात या यादीसाठी शहरी घराची वार्षिक उत्पन्नमर्यादा ५९,००० रुपये ठेवलेली आहे. ६०० रुपये रोजाने एकट्या माणसाने ९९ दिवस काम केले की ती ओलांडली जाते. ही मर्यादा कोणत्या शहरातल्या कोणत्या घरासाठी आहे, हे कळणे कठीण आहे.

बांधकामावर वर्षात ९० दिवस भरलेल्या मजुराने राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करावी. नोंदणीला नाममात्र १ रुपया लागतो, मुलांच्या शिक्षणासाठी दर वर्षी आर्थिक मदत मिळते आणि ती नेमकी शाळेच्या खर्चाच्या उपयोगाची असते. ९० दिवसांचा दाखला मिळवणे हे यातले खरे काम आहे. ठेकेदाराकडून तो हंगाम चालू असतानाच घ्यावा, पावसाळ्यात ठेकेदार भेटत नाही. मधल्या माणसाने हजार-दोन हजार मागितले तर ते फीचे नाहीत, त्याचे आहेत.

आजारपणासाठी या हिशेबात साठा करणे शक्यच नाही, एवढे मान्य करावे लागते. त्यासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि सरकारी रुग्णालय हेच आधार आहेत आणि दोन्हीकडे रेशन कार्ड व आधार कार्ड यांवरील नाव-वय जुळलेले असणे हा पैशाइतकाच मोलाचा भाग आहे. दवाखान्याच्या दारात ते दुरुस्त होत नाही. केंद्र सरकारच्या विमा योजनांपैकी अपघात विम्याचे वर्षाला २० रुपये आणि जीवन विम्याचे ४३६ रुपये बँक खात्यातून मेच्या शेवटच्या आठवड्यात वळते होतात. दोघांच्या खात्यात मिळून ९१२ रुपये त्या वेळी असायला हवेत. पुन्हा मे, आणि पुन्हा तारीख.

एक प्रकारचे घर या सगळ्या विवेचनाबाहेर राहते. ज्या घराचा वर्षाचा खर्च वर्षाच्या उत्पन्नापेक्षा जास्त आहे, त्याला तारखा कितीही पुढेमागे केल्या तरी उपयोग नाही; तेथे तोंडमिळवणी होणारच नाही आणि त्यात त्या घराचा दोषही नाही. आपले घर यांतील कोणत्या प्रकारात मोडते, हे वर्षाची बेरीज-वजाबाकी केल्याशिवाय कळत नाही. नोंदी असल्या की त्या दुसऱ्या प्रकारच्या घरालाही एका कामी येतात. तीन वर्षे त्याच पगारावर काम करणारी बाई कालनिर्णयाची पाने पुढे करून, तेलाचा तेव्हाचा आणि आजचा भाव दाखवून, घरामागे ३०० रुपये वाढवून मागू शकते. तीन घरांनी ते दिले तर महिन्याला ९०० रुपये होतात आणि आपल्या कल्पित घराची ८५० रुपयांची मोकळी रक्कम दुपटीहून अधिक होते.